दोन डॉक्टर, एक नाक आणि माझा मध्यम मार्ग

डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या खालच्या पापणीच्या कडेला असलेल्या बारीक छिद्रातून पिचकारीने पाणी सोडलं आणि विचारलं, घशात खारट लागतंय का? लागत नव्हतं. सगळं पाणी उलट फिरून माझ्या शर्टावर आलं. "ब्लॉक," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची एक वाट असते. तिला टिअर डक्ट म्हणतात, म्हणजे अश्रुनलिका. चाळिशी ओलांडेपर्यंत डोळ्याचा आणि नाकाचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. उजवा डोळा कितीतरी महिने गळत होता. आखाती देशातल्या तुबली गावात मी एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होतो, त्यामुळे मी दोष धुळीला देत होतो. सोबतच्या लोकांना वाटायचं, याला नागपूरची आठवण येते. एकदोघांनी पाठीवर हातही ठेवला होता.

ऑपरेशनचं नाव डीसीआर. बंद नळीला बगल देऊन, नाकाच्या हाडाला छोटं भोक पाडून पाण्यासाठी नवी वाट करतात. ती मिटू नये म्हणून काही आठवडे आत सिलिकॉनची बारीक नळी ठेवतात. ऑपरेशन चांगलं झालं. गोंधळ सुरू झाला तो घरी जायची परवानगी मिळाली तेव्हा.

कारण मला आधीचा एक आजार होता, स्लीप ॲप्निया. यात झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, माणूस गुदमरून दचकतो, पुन्हा झोपतो आणि पुन्हा तेच. त्यावर सीपॅप नावाचं मशीन असतं. नाकावर मास्क बसवायचा, मशीन सतत हवा सोडतं आणि त्या दाबाने घसा उघडा राहतो. १९९०च्या दशकातलं ते मशीन लहान सुटकेसएवढं होतं आणि आवाजाला मिक्सरचा भाऊ. पण त्यानेच मला माणसात आणलं होतं. त्याआधी मी सिग्नलला स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपायचो.

डोळ्यांचे डॉक्टर मिसरचे, म्हणजे इजिप्तचे. त्यांनी बजावलं, नाकात दाब जाता कामा नये. नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची आणि मी सांगेपर्यंत मशीन बंद. छातीचे डॉक्टर केरळचे, दुसऱ्या हॉस्पिटलात. त्यांनी नेहमीच्या तपासणीत निक्षून सांगितलं, एक रात्रही मशीनशिवाय झोपायचं नाही, जिवाशी खेळ आहे. मी दोघांनाही "येस डॉक्टर" म्हणालो.

तुम्ही म्हणाल, एकाला दुसऱ्याचं का नाही सांगितलं? अहो, एवढ्या मोठ्या माणसासमोर बसून ‘दुसरे डॉक्टर वेगळंच म्हणतात’ असं कसं म्हणायचं? तोंडावर तुमचं चुकलं म्हटल्यासारखंच ते. आमच्या घरात डॉक्टर, मास्तर आणि विहारातले भन्तेजी यांच्यापुढे मान हलवायची, एवढंच शिकवलेलं.

मग मी बौद्ध माणसाला साजेसा तोडगा काढला. मध्यम मार्ग. एक रात्र मशीन लावायचं, एक रात्र नाही. दोन्ही डॉक्टरांचा अर्धा अर्धा मान राखला जाईल, असा माझा हिशोब.

मशीनच्या रात्री उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून हवा येऊ लागली. खरंच हवा. बुडबुडे फुटायचे, सकाळी डोळा कोरडा, लाल. आमची यशू तेव्हा शाळेत होती. ती दारात उभी राहून म्हणाली, "पपा, युअर आय इज व्हिसलिंग." मी हसलो. पण ऑपरेशन फसलं असं मी धरून चाललो. हे सांगायचं तरी कुणाला? डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगावं तर मशीन लावल्याचं उघडं पडणार.

बिनमशीनच्या रात्री माझी बायको सुजाता शेजारी बसून राहायची. माझ्या छातीवर हात ठेवायची आणि छाती हलायची थांबली की मला गदागदा हलवायची. मशीनच्या रात्रीही डोळ्याच्या भीतीने ती जागीच. मी म्हणायचो, झोप थोडी. ती म्हणायची, "तुम्ही झोपा, माह्यं पाहून घेते मी." सकाळी उठून ती हूरा भागातल्या एका ऑफिसात टायपिंगला जायची. ती कशी दिसतेय इकडे माझं लक्षच नव्हतं. मी माझ्या डोळ्यात गुंतलेलो.

एका दुपारी तिच्या ऑफिसातून फोन आला, येऊन घेऊन जा. गेलो तर सुजाता टाइपरायटरवर डोकं टेकून झोपलेली. कागद अर्धवट चढवलेला. कुणी उठवलं नव्हतं. मी तिच्याजवळ गेलो आणि आधी काय केलं असेल, तर तिच्या पाठीवर हात ठेवून श्वास चालू आहे ना ते पाहिलं. त्या क्षणी मला फार भीती वाटली. ती बाई रोज रात्री हेच करत होती.

तिथून तिला घेऊन टॅक्सी केली ती थेट डोळ्यांच्या हॉस्पिटलात. सगळं ओकून टाकलं. मध्यम मार्गासकट. डॉक्टर रागावतील म्हणून मी खाली बघत होतो. त्यांनी मला नाक चिमटीत धरून अगदी हळू श्वास ढकलायला लावला. कोपऱ्यात बुडबुडा आला.

"खलास. हवा येते, म्हणजे वाट उघडी आहे," ते म्हणाले. त्यांच्या अरबीत खलास म्हणजे ‘झालं, मिटलं’. ज्याला मी ऑपरेशन फसल्याची खूण समजत होतो, ती ते यशस्वी झाल्याची होती. पण जखम ओली असताना एवढा दाब धोक्याचा, हेही त्यांनी ठणकावून सांगितलं. मग विचारलं, मशीन बंद असतं तेव्हा तुमच्याकडे लक्ष कोण देतं? मी सुजाताकडे बोट दाखवलं. खुर्चीतल्या खुर्चीत ती पुन्हा पेंगत होती.

त्यांनी तिथल्या तिथे छातीच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून आवाज माझ्यापर्यंत येत होता, "मला हे कुणी सांगितलंच नाही." दोघांचं बोलणं चहा पिऊन होण्याइतक्या वेळात संपलं. जखम भरेपर्यंत मी छातीच्या डॉक्टरांच्या वॉर्डात झोपायचं. बोटाला पल्स ऑक्सिमीटरचा चिमटा, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र. तो कमी झाला की यंत्र वाजेल आणि नर्स उठवेल.

पुढचं आधीच सांगून टाकतो. जखम भरल्यावर मशीन परत सुरू झालं, दाब कमी करून. झोपताना डोळ्यात मलम घालतो. थोडी हवा अजूनही येते, येऊ दे. तुमच्यावर अशी वेळ आली तर एका डॉक्टरचं म्हणणं दुसऱ्याला जरूर सांगा. त्यांचा अपमान होत नाही. मीच उगीच घाबरत होतो.

पण मला आठवते ती वॉर्डातली पहिली सकाळ. सुजाता लवकर डबा घेऊन येणार होती. नाश्त्याची वेळ गेली, राउंड झाला, मी हॉस्पिटलचाच ब्रेड खाल्ला. जेवणाच्या ताटल्या फिरू लागल्या तेव्हा ती धावत आली. डबा नाही, केस तसेच, गालावर उशीच्या घड्या उमटलेल्या.

"मले कोनी उठवलंच नाही," ती रडवेली होऊन म्हणाली.

मी तिला जवळ बसवलं. कुणाच्या उशिरा येण्याचा मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता, आणि तसं मी तिला सांगितलंही.