मामाचा खांदा आणि अंतरपाट

समस्त आप्तेष्ट, स्नेही आणि शेजारी यांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, माझ्या उजव्या खांद्याची गोलाई नाहीशी झाली होती. क्रांती चौकात स्कूटरवरून पडलो, खांदा निखळला, डॉक्टरांनी तो जागेवर बसवला. पण त्या झटापटीत एक नस दुखावली आणि तिच्या भरवशावर जगणारा स्नायू रुसून बसला. आरशात डावीकडं भरदार खांदा, उजवीकडं खुंटीला टांगलेला सदरा.

एरवी मी हसण्यावारी नेलं असतं. पण भाचीचं लग्न ठरलं होतं, आणि आमच्यात अंतरपाटाचं एक टोक नवरीच्या मामानंच धरायचं असतं. बहिणीला मी एकुलता एक भाऊ. "चुलतभावाला सांगून ठेवू का?" तिनं हळूच विचारलं. ते मला लई लागलं.

गारखेड्यात फिजिओथेरपीच्या बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या.

"काका, हात बाजूनं वर घ्या."

"घेतोय की!"

"हात कुठं? तुम्ही खांदा कानाला लावताय. मान लबाडी करतेय."

मग त्यांनी माझ्याच अंगावर बोटानं नकाशा काढला. या स्नायूचं नाव डेल्टॉइड, म्हणजे त्रिकोणी. गळ्याखालच्या हाडापासून पाठीवरच्या फऱ्यापर्यंत पसरलेला आणि दंडाच्या मध्यावर एका टोकात मिटलेला. पुढचा भाग हात पुढं नेतो, मागचा मागं ओढतो, मधला बाजूनं वर उचलतो. गंमत म्हणजे, हात अंगालगत असताना सुरुवातीचा जोर आतला एक लहान स्नायू लावतो, खरा भार मग हा घेतो.

"आमचे थोरले मेव्हणे असेच," मी म्हणालो. "पाट दुसऱ्यानं मांडला की बसणार."

तेव्हापासून मला जगात खांदेच दिसू लागले. गुलमंडीत कापडाचा ताका वरच्या फळीवरून काढणाऱ्या माणसाकडं मी इतकं टक लावून पाहिलं की तो म्हणाला, "साहब, कपडा देखना है के हमकू?"

हळूहळू नस शुद्धीवर आली. एका सकाळी बोटाखाली स्नायू फडफडला, आणि मी घरभर नाचलो. मग पाण्याची बाटली धरून हात वर, खाली, वर, खाली. चुलतभावाला मी स्वतः फोन करून सांगितलं, "तू फक्त जेवायला ये."

लग्नात अंतरपाट ऐटीत उचलला. दुसऱ्या टोकाला नवरदेवाचे मामा, तालमीत अंग कमावलेले. मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझी चूक मला कळली. मी उचलायचा सराव केला होता, धरून ठेवायचा नाही! आणि आमच्याकडं प्रत्येक आत्या स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणते, त्यात कुठलाही नातेवाईक सुटत नाही.

खांद्यात आधी ऊब, मग निखारे. कापड माझ्या बाजूनं उतरू लागलं. मी खांदा कानाला लावून ते वर ओढलं, पुन्हा उतरलं. भटजी छताकडं पाहत होते. बहिणीची नजर पार मांडवात चुलतभावाला शोधत होती. एका आत्यांनी नवा कागद उलगडला, तेवढ्यात खुद्द नवरीच ओरडली,

"मामा, सोडा की आता! आमचं कवाचंच बघून झालंय!"