रुमाल टाकलेली जागा

डाव्या मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर मधल्या बोटानं दोनदा टकटक करायची आणि म्हणायचं, "गाडी थांबत नसते." आमच्या कॉलनीतले कंट्रोलरकाका मला आठवतात ते असे. आधी एसटीत कंडक्टर, मग नाशिकच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक, आणि निवृत्तीनंतर आम्हा सगळ्यांच्या येण्याजाण्याचे नियंत्रक. लग्नाला निघालेली मंडळी असोत की परीक्षेला निघालेली पोरं, गेटपाशी कोणी रेंगाळलं की काकांची टकटक ठरलेली. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नसेल तर तुमच्या बऱ्याच गाड्या चुकत असतील.

माझा धंदा सहली नेण्याचा. अष्टविनायक, काशी, फार तर दुबई. मग गिऱ्हाइकांनीच गळ घातली म्हणून एकदा भूमध्य समुद्रातल्या क्रूझला बावीस माणसं घेऊन निघालो. निफाडचे द्राक्षवाले होते, दोन निवृत्त मास्तर होते आणि काका-काकू होते. काकूंनी हट्टच धरला होता. "यांनी आख्ख्या जिल्ह्याला गावाला धाडलं. मला कुठं नेलं?"

खरं सांगतो, मी वरून हसत होतो आणि आतून पार घाबरलेला होतो. जहाज रोज नव्या बंदराला लागायचं, माणसं दिवसभर गाव बघायची आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळेला जहाज सुटायचं. जो मागे राहिला तो राहिला. पासपोर्ट सगळ्यांचे जहाजावर जमा. परक्या देशात, पासपोर्टाशिवाय, मराठीपलीकडे भाषा येत नसलेलं एखादं माणूस मागे राहिलं तर? या विचारानं मी दिवसातून दहादा डोकी मोजायचो. काकांना बोललो तर ते घड्याळावर टकटक करून म्हणाले, "बरोबर आहे जहाजवाल्यांचं. गाडी थांबत नसते."

पहिल्याच दिवशी जेवताना काकूंनी सगळ्यांना वणीची गोष्ट सांगितली.

"लग्नाला म्हैना झाला नव्हता. सटाण्याहून यांच्याच गाडीत बसले. वणीला पाणी प्यायला उतरले, सीटवर रुमाल टाकून. यांनी मागं वळून रुमाल बघितला आन् दिली डबल बेल! संध्याकाळच्या फेरीला हे आले, तवा मी हाय तिथंच उभी."

सगळं टेबल हसलं. काका हसले नाहीत. नंतर डेकवर मला म्हणाले, "त्या दिवशीच तिला सांगून ठेवलंय. चुकामूक झाली तर जिथं उतरलीस तिथंच थांबायचं, हलायचं नाही, मी येतो." मग पाण्याकडे बघत म्हणाले, "अजून तो स्टँड स्वप्नात येतो रे. मी परत जातो आणि ती तिथं नसते." इतक्या कडक माणसाच्या पोटात एवढी भीती असेल असं मला वाटलं नव्हतं. ती रात्रभर मलाही चिकटली.

तिसऱ्या दिवशी फ्रान्समधलं मार्सेय बंदर लागलं. आम्ही टेकडीवरचं चर्च बघितलं, जुन्या बंदरावरचा बाजार बघितला. निफाडच्या एकानं तिथली द्राक्षं चाखून तोंड वाकडं केलं आणि तिघांनी साबणाच्या वड्या घेतल्या. चार वाजता बंदराच्या काठावर आमची बस उभी राहिली. तिथं बस फार वेळ उभी करू देत नाहीत. ड्रायव्हर घाई करत होता.

काका नेहमीप्रमाणे दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसले. काकू कायम पाच ओळी मागे, खिडकीपाशी. पुढे बसलं की त्यांना मळमळायचं. मी डोकी मोजत मागे गेलो. काकूंच्या सीटच्या पाठीवर काकांचा मोठा पांढरा रुमाल पसरलेला होता, शेजारी त्यांची पिशवी. मी तिथं माणूस मोजलं. हसू नका. तुम्हीही तेच केलं असतं. एसटीत वाढलेल्या माणसाला रुमाल दिसला की जागेवर माणूस आलंच. बावीस भरले. मी पुढे ओरडलो, "झाले सगळे!" काकांनी मागे वळून पाहिलं, त्यांनाही रुमाल दिसला. त्यांनी दाराच्या दांडीवर दोनदा थाप मारली, सहलीभर मारत होते तशी. डबल बेल. बस सुटली.

जहाजाच्या शिडीपाशी एकेकाचं जहाजावर चढायचं कार्ड तपासत होते. वीस कार्डं झाली. काका एकटेच उभे राहिले, हातात बायकोची पिशवी आणि तो रुमाल.

पावणेपाच झाले होते. सहाला जहाज सुटणार, शिडी त्याच्या आधीच उचलणार. काकूंचा फोन जहाजावरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला. मी सगळ्यांना वर पाठवलं आणि काकांना घेऊन टॅक्सीत बसलो. बंदराचा रस्ता तुंबलेला होता. मला नको नको ते दिसायला लागलं. काकू रडत कुठल्या तरी गल्लीत शिरल्या असतील, चक्कर येऊन पडल्या असतील, कोणी त्यांना हाताला धरून नेलं असेल. त्यांच्या मुलीला पुण्याला फोन करून काय सांगू, याची वाक्यंसुद्धा मी मनात जुळवायला लागलो.

काकांनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. रुमालाची घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते. अर्ध्या वाटेत म्हणाले, "मीच बेल दिली."

"मी चुकीचं मोजलं, काका."

"बेल देणाऱ्यानं बघायचं असतं," ते म्हणाले. "ती हलायची नाही. पण कोणी हलवलं तर?"

काकू हलल्या नव्हत्या. बस उभी होती त्याच खांबाशी, भर उन्हात, खांबाला एक हात लावून उभ्या होत्या. दहा पावलांवर झाडाची सावली होती, तिथंही गेल्या नव्हत्या. ओठ कोरडे पडले होते. आम्हाला बघून त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"मागच्या दारानं उतरले, तर संडासला रांग होती हो. आले तर गाडी नाय." मग काकांकडे बघून म्हणाल्या, "वणीपेक्षा लवकर आलात."

काकांनी त्यांचा हात धरला. चारचौघांत त्यांनी काकूंचा हात धरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. टॅक्सीत बसल्यावरही त्यांनी तो सोडला नाही.

धक्क्यावर पोचलो तेव्हा शिडीपाशी फक्त दोन माणसं उरली होती आणि दोर सोडायची तयारी चालली होती. मी ओरडत पळालो. काका काकूंना ओढत माझ्यापुढे गेले आणि शिडीच्या पत्र्यावर तळहातानं धाडधाड मारायला लागले. सुटलेल्या एसटीच्या मागे धावणारी माणसं मारतात, अगदी तसं. "थांबवा! ओ, गाडी थांबवा!" आयुष्यभर ज्यांनी कोणासाठी गाडी थांबवली नव्हती ते गृहस्थ रडत होते. त्या दोघा खलाशांना मराठी कुठून कळणार! पण त्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

त्यानंतर काकांनी गेटवरची टकटक कमी केली. कोणी रेंगाळलं तर नुसतं विचारायचे, "सगळे आले का? नीट बघा."

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स आली, त्यांना आत घेतलं, सोबत एकालाच बसता येत होतं. नेमकी मुलगी आलेली होती, ती बसली. काकू गेटपाशी उभ्या होत्या. काकांनी स्ट्रेचरवरून हात वर केला. "तू इथंच थांब. मी येतो." दार मी लावलं. ते दवाखान्यात पोचायच्या आतच गेले.

तेराव्यानंतर मुलीनं मला बोलावून घेतलं. "दादा, तुम्ही तरी समजवा. आई पुण्याला यायलाच तयार नाही."

काकू व्हरांड्यात गेटकडे तोंड करून बसल्या होत्या. मी विषय काढला तर शांतपणे म्हणाल्या, "जाईन की. मला कळतं रे सगळं. पण मागनं ते आले आन् मी हितं नसले तर?"

मार्सेयच्या टॅक्सीत वाटली होती तशी भीती मला वाटली. या वेळी कुठं धावायचं तेही माहीत नव्हतं. बसावं म्हणून मी शेजारच्या खुर्चीला हात घातला, काकांची खुर्ची. तिच्या पाठीवर मोठा पांढरा रुमाल टाकलेला होता.

मी पायरीवर बसलो.