नंदाताईंचा ग्रुप

नंदाताई भालेराव आमच्या कंपनीत परचेसला होत्या. त्यांचं टेबल इतकं नीटनेटकं असायचं की माझ्यासारख्या पसारेवाल्याला उगीच राग यायचा. बोलणं मोजकं. वेंडर फोनवर गोड गोड बोलायला लागला की त्या म्हणायच्या, "साखर नको, माल पाठवा." विश्रांतवाडीहून बसने यायच्या, सहाच्या ठोक्याला निघायच्या. कुणाच्या वाढदिवसाच्या केकला त्या कधी थांबल्या नाहीत, म्हणून ऑफिसात त्यांना गर्विष्ठ समजत. मीही समजत होतो.

मी त्या कंपनीचा सिस्टिम्सवाला. वय सव्वीस, पण सगळे मला अभय सर म्हणायचे, कारण सगळ्यांचे पासवर्ड माझ्या हातात होते. २००२ साल. नगर रोडवर काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि आमच्या साहेबांना एकच धास्ती होती, की लोक पगार घेऊन इंटरनेट बघत बसतील. म्हणून नियम निघाला, की इंटरनेट फक्त मॅनेजरना आणि बाकीच्यांना नुसती मेल. बंदी साहेबांनी काढली, पण बांधली मी, आणि ती चोख बांधल्याचा मला अभिमान होता. आता तो शब्द लिहितानाही लाज वाटते.

एके दिवशी नंदाताई सर्व्हर रूमच्या दारात आल्या. हातात डॉक्टरच्या चिठ्ठीचा कागद होता, मागच्या बाजूला एक पत्ता लिहिलेला.

"अभय सर, ही साइट माझ्याकडे उघडत नाही."

"कुणाकडेच उघडत नाही. म्हणजे मी माझं काम बरं करतोय."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या मुलाचे स्नायू दर महिन्याला कमी होतात. अकरा वर्षांचा आहे. डॉक्टर म्हणतात, औषध नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हा पत्ता दिला. अशा मुलांचे आईवडील इथे एकमेकांशी बोलतात म्हणे."

"सायबर कॅफेत जा की."

"सहाला निघते, साडेसातला पोचते. तोवर शेजारच्या मथुराबाई त्याच्यापाशी बसतात. त्यांना अजून किती बसवू?"

माझी जीभ जागेवर आली. नियम मोडायची माझी हिंमत नव्हती, पण नियमाला वळसा घालायची अक्कल होती. असल्या चर्चेच्या ग्रुपचं सभासदत्व नुसती मेल पाठवूनही घेता यायचं. मग तिथे कुणी काही लिहिलं की ते मेलने आपल्याकडे येतं आणि आपण मेलने दिलेलं उत्तर सगळ्यांना जातं, साइट उघडायची गरजच नाही. पाच मिनिटांत मी त्यांना सभासद करून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर डबाभर रव्याचे लाडू ठेवले आणि एक शब्द न बोलता गेल्या. मी दिवसभर स्वतःवर खूश होतो.

त्या ग्रुपवर तीनशेच्या आसपास आईबाप होते. नंदाताई जेवणाच्या सुट्टीत एका हाताने पोळीभाजी खात आणि दुसऱ्या हाताने एकेक अक्षर शोधून टाइप करत. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. त्यांची खरी मैत्री जमली ती इंदूरच्या शैलाताईंशी. शैलाताई बँकेत होत्या आणि त्यांचा मुलगा दिग्विजय पंधरा वर्षांचा होता. म्हणजे नंदाताईंच्या मुलाच्या, समाधानच्या, चार वर्षं पुढे. नंदाताईंना पुढे जे जे लागणार होतं ते शैलाताई आधीच भोगून बसल्या होत्या. जिना कधी सुटतो, चाकाची खुर्ची कोणत्या मापाची घ्यायची, मुलगा आंघोळीला लाजायला लागला की काय करायचं, सगळं त्या लिहायच्या. घरी नंदाताईंचे यजमान सुखदेव खडकीच्या कारखान्यातून आले की पहिला प्रश्न असायचा, "आज शैलाताई काय म्हणाल्या?"

मी एकदा विचारलं, "फोन का नाही करत त्यांना?"

"फोनवर पुढचं विचारलं जाईल माझ्याकडून. मेल कशी, अर्धी वाचून ठेवता येते."

त्या ग्रुपची एक रीत होती, ती त्यांनीच मला सांगितली. ज्या प्रश्नाचं उत्तर वाईट असेल त्याला तिथे कुणी उत्तर देत नसे. एखादी आई विचारायची, हा त्रास पुढे कमी होतो का, आणि तीनशे माणसं गप्प बसायची. मग तिने काय ते समजून घ्यायचं. "आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे उत्तरच," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. एवढी साधी गोष्ट मी डोक्यात ठेवली असती तरी खूप झालं असतं.

ऑक्टोबरात समाधानच्या शाळेने कळवलं की दिवाळीनंतर सहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर जाणार. तोवर सुखदेवराव त्याला कडेवर घेऊन वर्गात बसवत आणि कामावर जात. दोन जिने चढणं त्यांच्या पाठीला झेपणारं नव्हतं, आणि मधल्या वेळेत मुलाला खाली कोण आणणार? शाळेचं म्हणणं पडलं की आता दाखला काढून घ्यावा. समाधान म्हणत होता, मी दिवसभर वरच बसेन, पाणी पिणार नाही, म्हणजे खाली यायला नको. नंदाताईंनी ग्रुपवर शैलाताईंना विचारलं: दिग्विजयची शाळा तुम्ही कधी सोडवलीत? सोडवू का मी? आणि दुसऱ्या दिवशी त्या रजेवर गेल्या.

त्या दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला दीक्षाभूमीवर जात. छप्पन्न साली त्यांचे वडील तिथे होते. यंदा समाधानला न्यायचंच होतं, कारण पुढच्या वर्षी त्याला एवढ्या गर्दीतून उचलून नेता येईलच असं नव्हतं.

आता माझी करणी ऐका. रजेवर गेलेल्या माणसाच्या नावाने आलेल्या प्रत्येक मेलला आपोआप उत्तर देणारा एक प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता. साहेबांनी माझी पाठ थोपटली होती. नंदाताई रजेवर निघाल्या तसा तो मी त्यांच्या नावावर सुरू केला. त्यांच्याकडे येणारी निम्मी मेल ग्रुपची आहे आणि ग्रुपला गेलेलं उत्तर फिरून त्यांच्याकडेच येणार आहे, हे माझ्या हुशार डोक्यात आलं नाही.

शनिवारी शैलाताईंनी ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या. दिग्विजय पहाटे गेला. आता त्याला कुठेच दुखत नाही.

त्याखाली लगेच नंदाताईंच्या नावाने उत्तर गेलं: आपल्या मेलबद्दल आभारी आहे. मी रजेवर आहे. आपल्या विषयाकडे गुरुवारी लक्ष दिलं जाईल. ते उत्तर ग्रुपमधून फिरून नंदाताईंच्या खात्यात आलं, त्यालाही उत्तर गेलं, ते फिरून आलं, त्यालाही गेलं. शनिवार, रविवार ऑफिस बंद. दोन दिवसांत दोन हजारांवर उत्तरं गेली, आणि प्रत्येक उत्तर तीनशे घरांत.

सोमवारी सकाळी कंपनीची सगळी मेल तुंबलेली होती आणि साहेब माझ्या डोक्यावर उभे होते. ग्रुप चालवणाऱ्यांनी नंदाताईंचं नाव काढून टाकलं होतं. मी घाबरलो होतो. आत काय लिहिलंय ते वाचायलाही थांबलो नाही. ज्या मेलच्या विषयात त्या ग्रुपचं नाव असेल ती दारातच अडवायची, आधी आलेलीही नंदाताईंच्या खात्यातून काढून त्याच ढिगात टाकायची, अशी सोय केली आणि साहेबांना सांगितलं, बाहेरचा काहीतरी घोटाळा होता.

नंदाताई गुरुवारी आल्या. विचारलं, "ग्रुपचं काही येत नाही?"

"बंद पडला वाटतं," मी म्हणालो.

त्यांनी विश्वास ठेवला. लाडू देणारी बाई माझ्यावर का अविश्वास ठेवेल? त्यांनी शैलाताईंना सरळ त्यांच्या पत्त्यावर लिहिलं. विषयात ग्रुपचं नाव घातलं, म्हणजे ओळख पटावी. दिग्विजय कसा आहे, विचारलं. शाळेचा प्रश्न पुन्हा विचारला. आणि वाट पाहिली. रोज दुपारी डबा उघडायच्या आधी त्या मेल उघडून बघत. दिवाळी गेली तरी उत्तर नाही.

एकदा पाणी प्यायला आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "शैलाताईंनाही सांगवत नाहीये. म्हणजे सोडवायलाच हवी."

मला ती रीत आठवायला हवी होती. मी तेव्हा कसल्या तरी केबलच्या गडबडीत होतो. म्हणालो, "असेल तसं."

समाधानचा दाखला निघाला.

डिसेंबरात डिस्कवरची जागा संपत आली, म्हणून अडवलेल्या मेलचा ढीग पुसायला बसलो. पुसण्याआधी सहज वरून नजर फिरवली. दोन हजार वेळा तेच उत्तर, आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी शैलाताईंच्या त्या दोन ओळी. त्या ढिगात वेगळी एक मेल होती. एकवीस ऑक्टोबरची, फक्त नंदाताईंना. त्यांच्याच मेलचं उत्तर, म्हणून विषयात ग्रुपचं नाव तसंच राहिलेलं. आठ आठवडे ती माझ्याच खोलीत पडून होती.

"नंदा, तुला अजून कळलेलं दिसत नाही. दिग्विजय गेला. तुझ्या नावाने जे येत राहिलं ते यंत्राचं होतं हे मला कळतं. आमच्या बँकेतही असली यंत्रं आहेत. लोक चिडले, तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझं विचारणं राहून गेलं होतं, ते आधी लिहिते. शाळा सोडवू नकोस. मी सोडवली आणि तेवढंच माझं चुकलं. बाकी सगळं आजाराने केलं, हे मी केलं. त्याला दोन मित्र होते. शाळा सुटली तसे तेही सुटले. चार वर्षं तो रोज विचारायचा, आता कुठला तास चालू असेल? जिन्यासाठी माणूस ठेव, शाळेशी भांड, काहीही कर. मी आता ग्रुप सोडतेय. मला वाचवत नाही. समाधानला माझा आशीर्वाद."

ही मेल पुसून टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. तो विचार माझ्या मनात आला, हे लपवत नाही. अर्धा तास मी तसाच बसलो. मग कागदावर छापून घेतली, नंदाताईंच्या टेबलापाशी गेलो आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. प्रोग्राम, अडवलेली मेल, माझं खोटं.

त्यांनी कागद दोनदा वाचला. दिग्विजयच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "एकवीस ऑक्टोबर. दाखला मी अठरा नोव्हेंबरला काढला."

"नंदाताई, माझं..."

"बसा, अभय सर. तुमच्यावर ओरडून मला काय मिळणार आहे?" आवाज नेहमीसारखाच होता. फक्त डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "शैलाताईंचा मुलगा गेला त्या दिवशी माझ्या नावाने त्यांना काय गेलं हो? लक्ष दिलं जाईल?"

त्यांनी त्याच दिवशी शैलाताईंना लिहिलं. मेल परत आली, ते खातं बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्या शाळेत गेल्या. शाळा म्हणाली, जागा भरली, जूनमध्ये या, आणि तेव्हाही जिन्याची जबाबदारी आम्ही घेणार नाही.

जानेवारीत मी माझा जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून विश्रांतवाडीला त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, घरूनच ग्रुप बघता येईल. म्हटलं कसलं, मला माझं मन हलकं करायचं होतं. समाधान खिडकीशी खुर्चीत बसला होता. बारीक, चुणचुणीत, आईसारखाच तुटक बोलणारा. मी वायरी जोडत होतो आणि तो माझ्याकडे टक लावून पाहत होता.

"काका, शैलामावशीची मेल तुम्ही अडवली होती ना? आई बाबांना सांगत होती."

नंदाताई स्वयंपाकघरात होत्या. भांड्यांचा आवाज थांबला.

"हो," मी म्हणालो. "चुकून."

"मग नंतर सोडलीत ना?"

"सोडली."

तो अगदी समजुतीने म्हणाला, "मग शाळेत जाऊन सांगा ना तसं. की चुकून झालं, आता परत घ्या."

मी वायरी जोडत राहिलो. त्या आधीच जोडून झाल्या होत्या.