खडूची दहावी खूण

टायरवाल्याला सगळे अंगठेबहाद्दर म्हणत. शाळेशी त्याचं जमलं नव्हतंच, पण टायरच्या कडेवरचे आकडे तो डोळ्यांआधी अंगठ्यानं वाचायचा. एकट्या टायरनं किती वजन पेलायचं त्याचा एक आकडा, जोडीत लावला तर दुसरा, आणि जोडीतला नेहमी कमी. "माणसासारखंच आहे," तो म्हणायचा, "दोघं झाले की एकमेकांवर ढकलतात."

पण टायर कितीही पैलवान असला तरी आतल्या लोखंडी रिमलाही आपला आकडा असतो. दोन्हींत जो कमी, तोच खरा. दोन्ही वाचल्याशिवाय चाकावर खडूची खूण करायची नाही, हा त्याचा तीस वर्षांचा नेम.

सकाळी दाजींच्या ट्रकला नवे दणकट टायर चढवून त्यानं दहाही चाकांवर खुणा केल्या. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. ट्रक गेला, परस्पर कारखान्यात यंत्र लादून घाटाला लागणार होता.

अकराच्या सुमारास हत्यारं पुसताना टायरवाल्याचा हात थबकला. रिमवरचा रंग काढायची खरवडणी स्वच्छ होती. दाजींच्या ट्रकच्या आतल्या एका रिमवर तर निळ्या रंगाचा हा जाड थर होता. तो खरवडला असता तर पात्याला निळा चुरा चिकटला असता. बोलण्याच्या नादात आकडा न वाचताच खूण झाली होती.

त्याला बसवेना. तो दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मग फोन लावला.

"दाजी, कुठं आहात?"

"वजनकाट्याच्या रांगेत. का, करमत नाही?"

"घाट उतरू नका. मी येतोय."

"अरे, टायरी नव्या करकरीत आहेत!"

"टायरीचं नाही हो, रिमचं! हलू नका म्हटलं ना!"

स्कूटरवर सगळा रस्ता त्याला त्या एका चाकाखेरीज काही दिसलं नाही. दाजी ट्रकला टेकून उभे होते. "आला आमचा डॉक्टर! पेशंट धडधाकट, ह्यालाच ताप."

 टायरवाल्यानं जॅक लावला, जोडीतलं बाहेरचं चाक काढलं, आतल्या रिमवर खरवडणी चालवली. निळा चुरा पडला. अंगठा फिरला. सव्वीसशे किलो.

"काट्यावर काय आलं?"

"चाकामागं अठ्ठावीसशे. टायरी तीन हजाराच्या आहेत ना?"

"रिम सव्वीसशेची आहे. उतारावर ब्रेक तापला असता, ही फाटली असती, आणि अक्कानं मला उभा सोलला असता."

दाजींचं हसू विरलं. त्यांनी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली. "माल उतरवायला क्रेन बोलावतो. तू जरा टेक आता."

टायरवाल्यानं ती खूण थुंकी लावून पुसली. टेकला मात्र नाही. एक खूण खोटी निघाली होती. उरलेल्या नऊंवर विश्वास कसा ठेवायचा? त्यानं खरवडणी उचलली आणि पुढच्या चाकाकडे वळला.