बंदराचे दोन फोटो
काल ट्रंकेत रत्नागिरी बंदराचे दोन फोटो सापडले. दोन्ही एकाच काचेच्या निगेटिव्हवरून छापलेले, दोन्हींत नऊ लाटा आणि एकच ढग. पण एकात पाणी मातकट, दुसऱ्यात निळं. पंधरा वर्षांपूर्वी, पावसाळ्यात आगबोटी बंद असताना, मुंबईला असलेल्या मोठ्या भावाला आपली नवजात मुलगी पाहायची घाई झाली होती. त्यानं मला लिहिलं, "पाणी निवळलं की शिडाच्या मचव्यानं निघतो. पाणी निवळायला तू नेहमी पंधरा दिवस जास्तच सांगतोस, त्यापेक्षा बंदराचा फोटो पाठव." फोटोवाल्यानं काळ्या-पांढऱ्या फोटोवर ब्रशानं रंग भरला, गिऱ्हाइकांना आवडतो तसा निळा. तो पाहून वहिनी मुलीला थोपटत म्हणाली, "भावजी, हा नको हो. हा बघितला तर ते उद्याच निघतील. आहे तसं गढूळ पाणी करून आणा." मी दुसरी प्रत तशी रंगवून घेतली आणि पाठवली. निळी तिनं उशाखाली ठेवली. नारळीपौर्णिमा झाली, पाणी निवळलं, तेव्हा तिनंच ती काढून दिली. "आता पाठवा. आता खरी झाली." दोन्ही फोटो खिशात घालून भाऊ सुखरूप घरी आला. निळ्या फोटोत आभाळाचा एक कोपरा पार फिकटलाय. तो फोटो वहिनी तिथंच धरून बघत असे.