विपुलचे लहान घास

माझी धाकटी जाऊ नयना हिचं माहेर डहाणू गावातलं, वडील शाळामास्तर. आमची चिकूची वाडी, भात, भाजीपाला. तिच्या मते आम्ही जेवत नाही, बकाबका गिळतो. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने सासऱ्यांना सांगितलं, "अण्णा, जरा सावकाश." अण्णांनी ताट संपवून मगच वर पाहिलं.

आमच्यापुढे हात टेकल्यावर तिने सगळी आशा मुलावर ठेवली. विपुल तरी माणसासारखा जेवावा. पण तोही अण्णांच्याच वळणावर गेला. सोललेला अख्खा चिकू तोंडात टाकायचा आणि नुसत्या बिया बाहेर काढायचा.

मग नववीत त्याने मावा धरला. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात चोळतात, तो. शाळेच्या भिंतीवर 'तंबाखूमुक्त शाळा' लिहिलेलं आहे, आणि त्याच भिंतीला टेकून मुलं तो चोळत उभी असतात. हे आज ठाऊक आहे. तेव्हा घरात दिसले ते फक्त विपुलचे गुण.

तो उलट बोलेनासा झाला. काही विचारलं की तोंड मिटून "हं" म्हणायचा. नयना म्हणाली, समज आली. दोन वेळा दात घासू लागला. संध्याकाळी न सांगता वाडीत जाऊ लागला, तर अण्णा म्हणाले, पोराला मातीची ओढ आहे. पोरगा तिथे थुंकायला जात होता. तिखट सुटलं. बोंबलाच्या कालवणाने त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून नयना त्याला वरणभात कालवून द्यायची. "माझ्या बाबांवर गेलाय. त्यांनाही तिखट सोसत नाही."

आणि घास लहान झाले. भाकरीचा नखाएवढा तुकडा, तोही किती वेळ चघळायचा. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. माझी विनिता भाकरीची गुंडाळी करून तोंडात कोंबते. पाहुणे आले की नयना म्हणायची, "विपुल, दाखव रे, कसं जेवायचं ते." तो दाखवायचा.

दहावीचा निकाल लागला, विपुल पहिल्या वर्गात पास झाला. घर माणसांनी भरलं. त्या दिवशी नयनाने स्वतःचे नियम गुंडाळून ठेवले. आनंदाचा पेढा कोणी तुकडे करून देत नाही. तिने अख्खा पेढा त्याच्या तोंडाशी नेला.

"आ कर."

पेढा दातांवर अडला.

"अरे, मोठा आ कर ना! लाजतो काय?"

सगळे हसले. तिने आणखी दाबला. पेढा फुटून त्याच्या नव्या शर्टावर सांडला.

"आई," तो म्हणाला, "एवढंच उघडतं."

अजूनही कोणीतरी हसत होतं. नयनाने पदराला हात पुसला आणि त्याच्या तोंडात बोटं उभी घालून पाहिली. दोन गेली. तिसरं जाईना.

डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि कधीपासून खातोस, ते विचारलं. "नववीपासून. सगळेच खातात," विपुल म्हणाला. डॉक्टर म्हणाले, गाल आतून आवळत गेलेत. मावा आजच्या आज बंद, रोज तोंडाचा व्यायाम. पहिल्यासारखं होईल असं सांगत नाही. पुढे कॅन्सरही होऊ शकतो, तपासायला येत राहा.

नयनाने विचारलं, "म्हणजे तो सावकाश जेवायचा, ते..."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मला तिच्याकडे बघवेना.

आता रोज सकाळी ती ओटीवर त्याच्यासमोर बसते. आइस्क्रीमच्या चपट्या काड्यांची चळत दातांत धरून तो तोंड उघडतो, आणि ती आणखी एक काडी सरकवून बघते. शेजारी अण्णा चहात अख्खा पाव बुडवून एका घासात तोंडात टाकतात.

"अण्णांकडे बघ," ती विपुलला सांगते. "तसा आ कर."