नाही म्हणू नकोस, सेन्योर!

माझ्या स्पॅनिशमुळे आजवर एकच माणूस आजारी पडला आहे, आणि तोही आमच्या मुलुंडच्या घरी जेवून.

पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आमच्या पंपांच्या कंपनीतून एकाला सहा महिने स्पेनला पाठवायचं होतं आणि निवड करायला तिथले सेन्योर रामोन येणार होते. स्पेनला मलाच जायचं होतं! मी घाईघाईनं घाटकोपरला स्पॅनिशचा क्लास लावला. दीड महिन्यात पक्कं जमलं ते 'हे करू नकोस, ते करू नकोस' एवढंच. तिकडे 'खा' म्हणजे 'कोमे', पण 'खाऊ नकोस' म्हटलं की क्रियापद कपडे बदलून येतं: 'नो कोमास'! मला ते लगेच आलं. (आमच्या घरात 'कर' असं कुणी कुणाला म्हणतच नसे.)

त्या जोरावर मी रामोनना आणि आमचे मॅनेजर प्रधानसाहेब यांना रविवारी जेवायलाच बोलावलं. माझी बायको कुंदा घावणे काढत होती, आई वाढत होती.

"तेका सांग," आई म्हणाली, "नाय म्हणू नको. आणि पानात काय टाकू नको."

"नो दीगास के नो! नो देखेस नादा!" मी छाती फुगवून म्हणालो. प्रधानसाहेब थक्क! (रामोनना इंग्रजी छान येत होतं, हे मी मुद्दाम विसरलो.)

आपल्याकडे पाहुणा 'नको नको' म्हणत पानावर हात आडवे धरतो, आपण तरीही वाढतो, आणि असं दोन-तीनदा झालं की सगळ्यांची सुटका होते. रामोनना हे कोण सांगणार? ते नाही म्हणाले नाहीत आणि पान पुसून स्वच्छ केलं. आईच्या राज्यात पाहुण्याचं पान रिकामं दिसणं हा गुन्हा. तिनं वाढलं. त्यांनी संपवलं. तिनं पुन्हा वाढलं!

अकराव्या घावण्याला कुंदा दाराआडून कुजबुजली, "अहो, पीठ संपलं! थांबवा ना त्यांना!"

"तू आईला थांबव."

"तुमच्या आईला? मी?"

शेवटी ती शेजारच्या शेट्टीकाकूंचं उद्याच्या डोशांचं पीठ उचलून घेऊन आली. सोळाव्या घावण्याला रामोननी माझ्याकडे असं काही पाहिलं की मला राहवलं नाही.

"नो कोमास!" मी ओरडलो.

त्यांचा घास हातातच राहिला. "काय म्हणालात?" प्रधानसाहेबांनी विचारलं. रामोननी इंग्रजीत प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "हे म्हणतात, खाऊ नकोस." साहेबांनी तितक्याच प्रामाणिकपणे ते आईला मराठीत सांगितलं.

"जेवत्या पावण्याक खाव नको म्हणालंस?" आई कडाडली. "मेल्या, लाज नाय?" आणि माझी चूक भरून काढायला तिनं रामोनना आणखी दोन वाढले!

तीन दिवस रामोन हॉटेलच्या खोलीबाहेर पडले नाहीत. चौथ्या दिवशी निवड जाहीर झाली. स्टोअर्समधला साठे!

मी तावातावानं केबिनमध्ये शिरलो. "साहेब, त्या साठ्याला स्पॅनिशचा एक शब्द येत नाही!"

"हो," प्रधानसाहेब शांतपणे म्हणाले, "रामोनची तेवढी एकच अट होती."